पावण्यानं नेलेला कॅमेरा

सातवीत शाळा सोडून मी वर्ध्याकडून निघालो तो कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका फोटो स्टुडिओत टिकलो. मालकांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही. झोपायला स्टुडिओचा पोटमाळा, जेवण चाचींच्या हातचं. हे सगळं एका दिवसात जाईल अशी धास्ती मला कायम असे, आणि पेठ वडगावच्या एका लग्नाचे फोटो काढायला गेलो तेव्हा ती खरी व्हायची वेळ आली.

जेवायला बसताना कॅमेऱ्याची पिशवी मी मांडवाच्या खांबाला अडकवली. हात धुऊन येतो तर खांब मोकळा! भांडी घासणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्ताच एक पावणं घिऊन गेलं की! मला वाटलं तुमचंच हाय."

मी तसाच चौकीत पळालो आणि सांगून टाकलं, "लग्नातल्या पाहुण्यानं नेला जी."

जमादारांनी वर पाहिलं. "कुठला पावणा? नवरीकडला का नवऱ्याकडला?"

ते मला काय ठाऊक! शिपाई मांडवात येऊन वऱ्हाडाच्या पिशव्या उघडायला लागला, तशी नवरीच्या वडिलांनी माझी गचांडी धरली. "आमच्या सोयऱ्यांवर आळ घेतोस? लेक नांदायची हाय न्हवं माझी तिथं!"

निरोप मिळताच चाचा आले. मावशींशी दोन शब्द बोलले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, हितं अनोळखी माणसालापण पावणं म्हणत्यात. बाईनं कुणीतरी परका सांगितला, तू सगळं वऱ्हाड चोर केलंस!" मग त्यांनीच नवरीच्या वडिलांपुढं हात जोडले.

जमादारांचा रोख माझ्याकडं वळला. "परका तर ह्योच हाय. ह्यालाच आत घेतो."

"घ्या की," चाचा म्हणाले, "पण मग मलापण घ्या. कॅमेरा त्येच्या हातात मीच दिलता."

तक्रार नव्यानं लिहिली गेली. पण चाचा नुसते पोलिसांच्या भरवशावर बसले नाहीत. कॅमेरा विकायचा तर चोराला कुठल्यातरी स्टुडिओची पायरी चढावीच लागणार, हे त्यांनी ओळखलं. आसपासच्या स्टुडिओवाल्यांना त्यांनी खूण कळवली: कातडी कव्हर उसवलेलं, निळ्या दोऱ्यानं शिवलेलं.

तोवर मी रोज निम्मं ताट तसंच ठेवून उठायचो. चाची म्हणायच्या, "खा रे, कॅमेरा काय तू गिळलायस?"

एक दिवस जयसिंगपूरहून सांगावा आला. तिथल्या स्टुडिओवाल्यानं कॅमेरा विकायला आलेल्या माणसाला चहा पाजत बसवून ठेवलं होतं आणि मागच्या मागं पोलिसांना बोलावलं होतं. आता कुणीतरी जाऊन कॅमेरा ओळखून आणायचा होता.

"तू जा," गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करत चाचा म्हणाले.

"एकटाच?"

"मग काय, बँड लावू बरोबर?"

एस.टी.त कंडक्टरनं कुठं जायचं म्हणून विचारलं, तर गावाचं नाव राहिलं बाजूला, मी म्हणालो, "कॅमेरा आणायला जी! चाचांनी मला एकट्यालाच पाठवलंय."