घोडा वर जाताना

टेपभाऊ सिनेमा डोळे मिटून पाहायचे. आमच्या वस्तीतल्या, कॅम्प एकमधल्या व्हिडिओ पार्लरमध्ये सगळे राजकन्येकडे डोळे फाडून बघत असताना मोरिवलीच्या कारखान्यातला हा फिटर मान खाली घालून बसलेला असे. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर. गाण्यांच्या कॅसेटी दुकानात मिळायच्या. पण जादूगार येताना, घोडा उडताना मागे जे वाजतं ते कुणीच विकत नव्हतं. वाजवणाऱ्यांची नावंही पडद्यावर येत नसत. मला याचा भयंकर संताप यायचा. भाऊ संतापत नसत, टेप करत.

उडत्या घोड्याच्या त्या सिनेमाचे तीन भाग निघाले होते. भाऊंच्या लेखी खरा भाग पहिलाच. त्यात घोडा जमीन सोडतो तेव्हा एकटी क्लॅरिनेट वाजते, मग हळूहळू व्हायोलिनं येऊन मिळतात. दुसऱ्या भागात तीच चाल ढोलांवर आली. तिसऱ्यात सगळं कीबोर्डवर. "घोडा उडत नाही हो, लिफ्टनं जातो," भाऊ म्हणायचे. पार्लरचे सिंधी सेठ ऐकत नसत. त्यांचं उत्तर ठरलेलं: "भाऊ, थर्ड पार्ट में पब्लिक नाचती है." भाऊ म्हणत, नाचू द्या, पण घोड्याला नाचवू नका.

मी तेव्हा पाण्यावर, रेशनवर, भाडेवाढीवर पत्रकं काढायचो. तिसऱ्या भागाच्या संगीतावरही काढलं आणि पार्लरच्या दारात वाटलं. भाऊंनी ते चहाच्या टपरीवर उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. मला ते 'कार्यकर्ते' म्हणत. म्हणाले, "कार्यकर्ते, धिक्कार सहा वेळा आलाय. क्लॅरिनेट एकदाही नाही. आवडतं काय, ते कधी लिहिणार?" मला राग आला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

भाऊंना एकच गोष्ट हवी होती: पहिल्या भागातलं घोड्याचं संगीत, पुरतं, मध्ये कुणाचा आवाज न येता. चार वेळा प्रयत्न झाले. कधी खोकला आला, कधी शिट्ट्या, एकदा समोसेवाला. मग सेठनी पार्लर बंद करून तिथे जीन्स शिवायची मशीनं टाकायचं ठरवलं. रिकामा खेळ त्यांना परवडत नसे, म्हणून शेवटच्या रविवारी दुपारच्या तिकिटाच्या खेळालाच त्यांनी भाऊंसाठी पहिला भाग लावला, पंखेसुद्धा बंद केले. भाऊ दारात उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते: घोडा वर जाईपर्यंत तेवढं शांत बसा.

लोक घामाघूम होऊन बसले. खरंच बसले. घोड्यानं खूर उचलला आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पंखा लावा ना यार." माझ्यातला कार्यकर्ता ताडकन उठला. "गप्प बसा! हा कलावंतांचा अपमान आहे, खपवून घेतला जाणार नाही!" आणखीही बरंच बोललो. खाली बसलो तेव्हा घोडा ढगात पोचला होता.

त्यानंतर भाऊंचा कारखाना बंद पडला. ते अकोल्याकडे गावी गेले. जाताना ती कॅसेट माझ्या हातात ठेवली, म्हणाले, "तुमचंच भाषण आहे, तुमच्याकडेच राहू द्या." मी शरमेनं ती कधी लावलीच नाही. गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं, भाऊ गेले. त्या दिवशी लावली.

आधी बाकांची करकर. मग क्लॅरिनेटचे मोजून चार सूर. त्यांवर मी. केवढा कर्कश ओरडतोय मी, आणि माझ्याखाली ती बिचारी वाजतेच आहे, वाजतेच आहे. शेवटी माझा आवाज थांबतो. संगीतही थांबलेलं असतं. आणि टेपच्या अगदी जवळून, मला त्या दिवशी ऐकूच न आलेलं, भाऊ बोलतात. आवाजात राग नाही.

"बसा आता, कार्यकर्ते. घोडा गेला."