भोंग्यातलं गोणपाट

“मॅडम, तुमचा भोंगा आमच्या गावात वाजतच नाही,” शांताक्का म्हणाल्या. मंगळवार होता आणि शुक्रवारी इन्स्पेक्शन.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका लहान कंपनीत मी डिझाइन इंजिनीअर होते. किनाऱ्यावरच्या गावांना वादळाची सूचना देणारे सेट आम्ही बनवत होतो. पंचायतीच्या छतावर डिश, ऑफिसात पेटी आणि बाहेरच्या भिंतीवर लाउडस्पीकरचा कर्णा. सॅटेलाइटवरून सिग्नल आला की पेटी आपल्या गावाचा कोड ओळखते, मिनिटभर भोंगा वाजवते आणि मग लोकांच्या भाषेत सूचना ऐकवते. पहिला सेट सहा महिने ट्रायलवर होता, कारवारच्या पुढच्या एका गावात. ते शांताक्कांचं माहेर. जागा त्यांनीच सुचवली होती. असेंब्लीतल्या त्या सगळ्यात जुन्या. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, येलहंकाहून, दोन बस बदलून यायच्या, तरी माझ्या आधी हजर.

मी रजिस्टर काढलं. दर सोमवारी सकाळी दहाला टेस्ट सिग्नल जायचा आणि पंचायतीचा क्लार्क ‘साउंड ओके’ लिहून सही करायचा. एकही सोमवार चुकला नव्हता.

“बघा अक्का, सगळं ओके आहे.”

“कागदावर असेल. मी परवा तिथंच होते. कर्ण्यात गोणपाट कोंबलंय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी दहाला बायका किनाऱ्यावर मासे वाळत घालत असतात. भोंगा झाला की टोपल्या टाकून मुलांना गोळा करायला पळायच्या. मिनिटभराने कर्ण्यातला आवाज सांगायचा, ही फक्त चाचणी होती. तोवर मासे कावळ्या-कुत्र्यांनी लांबवलेले. तिसऱ्या सोमवारी बायकांनी क्लार्कला गाठून चांगलंच फैलावर घेतलं. त्याने शिडी लावून कर्णा बंद केला. अगदी जवळ उभं राहिलं की बारीक आवाज यायचा, तेवढ्यावर ‘ओके’. सुरुवातीला मंगळवारी तो गोणपाट काढायचा. पुढे त्याला शिडीचा कंटाळा आला.

चाचणीलाही पूर्ण भोंगा वाजवायचा, हा निर्णय माझा होता. वर मला त्याचा अभिमानही होता.

“भाऊ होडी घेऊन जातो, मॅडम,” अक्का म्हणाल्या. “वारा पडलेला दिसला की निघतो. भोंगा वाजला तरच थांबणार. आणि आता वादळाचे दिवस आलेत.”

इन्स्पेक्शन राहू दे, आधी ते गोणपाट निघायला हवं होतं. गावच्या बस स्टँडजवळ एका दुकानात फोन होता. आमच्या बॉसच्या, मूर्ती सरांच्या, केबिनमधून आम्ही एसटीडी लावला. पाऊण तासाने दुकानदाराचा उलट फोन आला. गोणपाट निघालं होतं. अक्का तिथेच खुर्चीवर बसल्या. सरांच्या समोर त्या कधी बसत नसत.

चाचणीचा भोंगा बदलायला हवा, मी म्हणाले. सर माझ्याकडे वळले.

“रजिस्टर क्लीन आहे. शुक्रवारी माल पास होतोय. आता चिप बदलायची म्हणजे सगळे सेट उघडायचे. कस्टमर विचारेल, कंप्लेंट कुठे आहे?”

“कंप्लेंट गोणपाटात होती, सर.”

ते हसले नाहीत. अक्कांना त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, गावी घरात कोण कोण असतं. आई आणि भाऊ, त्या म्हणाल्या.

“सरी, ठीक आहे,” सर म्हणाले. “पण इन्स्पेक्टरना कसं पटवायचं ते तुम्ही दोघी बघा. उशिराची जबाबदारी माझी.” त्या वाक्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

युक्ती अक्कांची. शुक्रवारी त्यांनी कॅन्टीनच्या दारावर एक सेट लावला आणि तांदळाचं रिकामं पोतं कर्ण्यात कोंबलं. इन्स्पेक्टर जेवायला बसले. बिसी बेळे भात त्यांनी दोनदा घेतला.

“टेस्ट कधी करताय?” शेवटी त्यांनी विचारलं.

“झाली, सर. तुम्ही पापड मागितलात तेव्हा.”

त्यांनी मान वर केली. अक्कांनी स्टुलावर चढून पोतं ओढून काढलं आणि मी पुन्हा बटण दाबलं. अख्खं कॅन्टीन उठून उभं राहिलं. इन्स्पेक्टरांनी खरकट्या हातांनीच कान झाकले. मिनिट संपलं, चाचणीचं वाक्य आलं.

“हे दर सोमवारी?”

“दर सोमवारी, सर.”

त्यांनी कानाला लागलेला भात पुसला. “मीसुद्धा पोतं कोंबलं असतं,” ते म्हणाले आणि त्यांनी तीन आठवड्यांची मुदत दिली.

आम्ही चिप बदलली. दर आठवड्याच्या चाचणीला आता दोन छोटे बीप आणि एक वाक्य. पूर्ण भोंगा फक्त खऱ्या धोक्याला, आणि वर्षातून एकदा गावाला आधी सांगून. वेळ अक्कांनी बायकांना विचारून ठरवली: दुपारी चारनंतर, मासे उचलून झाल्यावर. रजिस्टरवर क्लार्कऐवजी किनाऱ्यावरची एक बाई सही किंवा अंगठा करू लागली. तिला ऐकू आलं, तरच ओके.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी खरा सिग्नल आला. समुद्र अगदी शांत होता म्हणे. भोंगा वाजला आणि अक्कांच्या भावाने पाण्यात लोटलेली होडी परत ओढून घेतली. संध्याकाळी वादळ आलं. पंधरा दिवसांनी माझ्या टेबलावर सुक्या बांगड्यांची पिशवी होती. सगळ्या सेक्शनने नाकाला रुमाल लावला. मी ती पिशवी घरी नेताना बसमध्ये रडले.

मला बक्षिसं मिळाली, प्रमोशनही मिळालं. पण माझी चूक मला वेळेत सांगणारं माणूस शेजारच्या टेबलावर बसत होतं, याच्याएवढं भाग्य दुसरं नाही.

आता लोक विचारतात, किनाऱ्यावरच्या गावांना त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा हवी का? हवीच. पण ती बसवण्याआधी भोंग्याखाली राहणाऱ्या बायकांना विचारा. वादळ निदान एखादा दिवस आधी कळतं. भूकंपाने उठलेली लाट कधी काही तासांत येते, कधी काही मिनिटांत. तेवढ्यात शिडी शोधायला कुणाला सवड नसते.