भूत न आलेला पिक्चर

मला पिक्चरमधलं कळतं, असा केडगावात माझा लौकिक होता. तो मीच पसरवला होता. पुणे रोडला माझी व्हिडिओ लायब्ररी, जोडीला लग्नाचं शूटिंग. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचे दिवस. पुण्याहून एकदा एक इंग्रजी भुताचा पिक्चर माझ्याकडच्या जुन्या कॅसेटवर कॉपी करून आणला आणि गिऱ्हाइकांना सांगत सुटलो, "हा साधा नाही बरं का. सायकॉलॉजिकल आहे, हळूहळू चढतो." मी स्वतः तो वीस मिनिटं बघितला होता आणि विसाव्या मिनिटाला मला छान झोप लागली होती.

पिक्चर असा, की एका बाईचा नवरा वारलेला. रोज दुपारी तिला आतल्या खोलीतून कपात चमचा फिरवल्याचा आवाज येतो. ती उठत नाही, नुसती ऐकत बसते. बस्स, संपलं. गहिनीनाथ टेम्पोवाल्यानं दुसऱ्याच दिवशी कॅसेट काउंटरवर आपटली. "आरं भीमराज, अर्धा तास झाला तरी भूत न्हाई! ती बाई हलंना, पिक्चर हलंना. भूत बी कटाळून गेलं आसंल." मी त्यालाच वर ऐकवलं, की तुला कला कळत नाही. त्यानंतर ती कॅसेट कुणी नेली नाही.

आता हेमचंद्र सरांचं सांगतो. शाळेत ते आम्हाला भूगोल शिकवायचे. आठवीत मी नकाशात मुळा धरण थेट अरबी समुद्रात बांधलं होतं, तरी त्यांनी हात उगारला नाही. "पाणी भरपूर मिळेल," एवढंच म्हणाले. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, सायकलला मागे कापडी पिशवी, आणि रस्त्यात जुना विद्यार्थी दिसला की उतरून बोलणार. त्र्याण्णवच्या दिवाळीत त्यांच्या मिसेस, विजयाकाकू, गेल्या. महिन्याभरानं सर दुकानात आले.

"भीमराज, मे महिन्यात राहुरीला आमच्या ईराचं लग्न झालं. शूटिंग तुझंच होतं. पंगतीत ही वाढत होती, तू हिला घेतलं होतंस. बोलतही होती काहीतरी. पण ईराला दिलेल्या कॅसेटमध्ये ते नाही."

कसं असेल? कापलं होतं मीच! जेवणाऱ्यांना कोण बघतं, असा माझा सिद्धांत. पंगत काढून त्या जागी मी गाणं टाकलं होतं आणि बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवली होती. त्या बदामावर माझा भारी जीव.

"घरात फोटो आहेत रे," सर म्हणाले. "पण सगळ्यांत तोंड मिटलेलं. आवाज विसरत चाललोय मी तिचा. एकदा ऐकायला मिळाला तर बघ."

मी म्हणालो, "शोधतो सर." पण सापडणार कुठून? कारण मूळ शूटिंगच्या कॅसेटी मी ठेवतच नसे. लग्नाची कॅसेट तयार झाली, की मूळ कॅसेटीवर पिक्चर भरायचा आणि भाड्यानं द्यायचा. नवी कॅसेट कोण घेतंय! तरी त्या रात्री घरी न जाता, शटर ओढून, सगळ्या कॅसेटी लावून बघितल्या. प्रत्येकीची पहिली पाच मिनिटं. पिक्चर निघाला की पुसली गेली समजायचं. सगळ्यांत पिक्चर निघाला.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. सर दर रविवारी सायकल लावून विचारायचे, "सापडली का?" आणि मी दर रविवारी म्हणायचो, "शोधतोय." असे चार महिने काढले. एका रविवारी तोंड चुकवायला काहीतरी हवं म्हणून तो भुताचा पिक्चर त्यांच्या हातात ठेवला. "न्या सर, तुमच्यासारख्या जाणत्या माणसासाठी आहे." सायकल वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा डोक्यात उजेड पडला. ज्याची बायको गेली त्याला मी नवरा गेलेल्या बाईचा पिक्चर दिला होता! असं गाढव नगर जिल्ह्यात दुसरं नसेल.

मंगळवारी दुपारी सरांचा निरोप आला, घरी ये. आता कानाखाली बसणार, या तयारीनं गेलो. सर टीव्हीसमोर बसले होते, डोळे लाल.

"हा पिक्चर कळला का तुला?"

"हो सर. सायकॉलॉजिकल आहे."

"डोंबल तुझं. भूत येईल म्हणून ती बाई घाबरत नाही रे. उठून बघितलं आणि आत कुणीच नसलं तर, याची तिला भीती आहे. म्हणून ती उठत नाही. मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं." मग म्हणाले, "शेवट बघितलास?"

मी मान खाली घातली. सरांनी रिमोट दाबला. बाई एकदाची उठली, दाराला हात लावला, पडद्यावर अंधार झाला. पिक्चर संपला. मग मुंग्या आल्या, पडदा दोनदा थरथरला, आणि राहुरीच्या कार्यालयातली पंगत उघडली.

हिंदी पिक्चर तीन तासांचे, अख्खी कॅसेट भरून टाकायचे. हा दोन तासांतच संपला होता. पुढचा तास पुसला न जाता तसाच राहिला होता, आणि तिथवर केडगावात कुणी पोचलंच नव्हतं. मीसुद्धा!

जिलबीचं ताट घेऊन विजयाकाकू कॅमेऱ्यात बघत होत्या. "अरे भीमराज, माझं काय काढतोयस? नवरीला काढ. सकाळपासून उभा आहेस, जेवलास का?" मग पलीकडे वळून, आवाज चढवून, "अहो! चौथी जिलबी आहे ती. मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

सर हसले आणि हसता हसता रडायला लागले. मलाही आवरेना. "सर, मी खोटं बोललो तुमच्याशी. मी ही पुसलीय असंच धरून बसलो होतो."

"माहीत होतं मला," सर म्हणाले. "तुझं तोंड आठवीत होतं तस्संच आहे."

मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकली. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. उठायला लागलो तर सरांनी हात धरला.

"बस. आता पहिल्यापासून लाव. तू हा बघितलेलाच नाहीस."

लावला. या वेळी झोप आली नाही. घरात आम्ही दोघंच होतो. चमचा वाजला तेव्हा सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, आणि मीही बघितलं.