पारव्याचं रक्त
वळचणीच्या पारव्यांचा कुबट वास आला की अजूनही मी नाकाला पदर लावते. बीडला मामांकडे राहून मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले, त्याच वर्षी माझा डावा पाय बधिर होऊ लागला. मधूनच डोळ्यांपुढे धूसर व्हायचं, मग काही आठवडे सगळं ठीक. मिशनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसांचा रोग आहे, येत-जात राहील, औषध नाही. मामीला ते पटेना. तिनं पाली गावाहून एका औषधवालीला बोलावलं. त्या बाईनं अंगणात पारवा कापला आणि ते कोमट, चिकट रक्त माझ्या पायाला घोट्यापर्यंत चोळलं. लगेच माशा बसल्या. मी तोंड फिरवलं, तशी ती हसली, "काहून गं मास्तरीणबाई? जीव पारव्याचा गेलाय, तुमचा न्हाई!" मग तिनं पथ्य सांगितलं, "आवसेपर्यंत पाय धुवायचा न्हाई, उंबरा वलांडायचा न्हाई." ओसरीवर सुपारी कातरत मामा म्हणाले, "लई बेस झालं. शाळा आपसूक सुटंल. लंगडत जाती, लोक बघत्यात." शाळा सोडावी का, हे मी कित्येक दिवस मनाशी घोळवत होते; त्या घरात मला कुणी विचारलंच नव्हतं. रक्त वाळून कातडी ओढू लागली. मी भिंत धरून न्हाणीत गेले आणि राखेनं पाय घासून धुतला. "आगं, गुण जाईल!" मामी ओरडली. "जाऊ दे," मी म्हणाले, "मला शाळेला उशीर होतोय." त्या दिवशी मी पहिल्यांदा वर्गात खुर्ची मागून घेतली. पाय अजून तसाच आहे, कधी माझा असतो, कधी नसतो. मी बसून शिकवते.