व्याह्याच्या दारातला चहा

व्याह्याच्या दारासमोर एका दगडावर मी दुपारपासून दिवस कलेपर्यंत बसून होतो. कोणी मला तिथून ऊठ म्हणालं नाही. आणि तीनदा विचारून झाल्यावर कोणी आत चला असंही म्हणालं नाही. माणूस रुसून बसला की त्याला उठवायला कोणीतरी येतंच, हे मी जन्मभर धरून चाललो होतो. ते मोरोक्कोच्या डोंगरात मोडलं.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळ्यात, कारण तेव्हा बांधकाम बंद असायचं. सत्तरी ओलांडल्यावर मुलाने मला ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नला आणलं. त्याची आई गेली होती आणि गावात मी एकटा होतो. मुलगा इथे शिकायला आला, मग गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला आणि इथलाच झाला. लग्नही इथेच केलं. मुलगी मोरोक्कोची, डोंगरातल्या गावातली. आपण त्यांना बर्बर म्हणतो. सून म्हणायची, तसं म्हणू नका बाबा, आम्ही अमाझिग.

त्या लग्नाला मी आलो नव्हतो. न विचारता ठरवलं म्हणून रुसलो होतो. पोरगा समजूत काढेल, मग बघू, म्हणून बसून राहिलो. त्याने फोन केले, बरेच केले, मग थांबला. नात झाल्यावर पुन्हा बोलणं सुरू झालं. पण ते रुसणं मी विसरलो होतो, असं समजू नका. आठवत होतं. त्यातून शिकलो मात्र काही नाही.

मागच्या वर्षी मुलगा सकाळी शिफ्टला गेला आणि गोदामाच्या कार पार्कमध्येच पडला. हार्ट. अॅम्ब्युलन्स यायच्या आधीच संपलं होतं. घरात आम्ही तिघं उरलो. मी, सून आणि आठ वर्षांची नात.

सून कामावरून येऊन पुदिन्याचा चहा करायची. एक ग्लास माझ्यासमोर ठेवायची. मी म्हणायचो, हा काढा तूच पी, आणि उठून माझा माझा चहा करायचो, आलं घालून. रोज. मुलगा होता तोवर तो हसून दोन्ही चहा प्यायचा, त्यामुळे ते चालून गेलं. तो गेल्यावरही मी तेच करत राहिलो. तिचा ग्लास तिथेच गार व्हायचा.

शाळेला सुट्टी लागली तशी ती नातीला घेऊन माहेरी गेली. सुट्टी संपली. मग फोन आला, की आम्ही थोडे दिवस इथेच राहतो, पोरीला इथल्या शाळेत घातलंय. थोडे म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही. दाराच्या आतल्या खुंटीवर नातीची शाळेची निळी टोपी तशीच लटकत होती. रोज येता-जाता ती माझ्या खांद्याला लागायची.

शेजारी पुण्याचा एक आयटीवाला मुलगा राहतो. त्याला म्हटलं, तिकीट काढ, मी नातीला आणायला चाललो. तो म्हणाला, "काका, आधी फोनवर बोलून घ्या ना. शी इज हर मदर. तुम्ही जाऊन आणायचं म्हणजे काय?" मी म्हटलं, घरचं माणूस रुसून गेलं की आणायला जावं लागतं, एवढी रीत तुला ठाऊक नसेल तर नुसतं तिकीट काढ. त्याने काढलं. कागदावर प्रत्येक विमानतळाचं नाव मराठीत लिहून दिलं. शेवटी म्हणाला, नो वरीज काका, पण तिकडे जाऊन भांडू नका.

मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

दोन विमानं, मग सुनेच्या भावाची जीप, आणि जीप थांबली तिथून खेचर. मी खेचरावर बसणार नाही म्हटलं. पहिला चढ चालून छातीचा भाता झाला, तेव्हा बसलो. सुनेचा भाऊ लगाम धरून पुढे चालू लागला. डोंगर लाल, उघडे, आणि मधेच घळीत हिरवा पट्टा. अक्रोडाची झाडं, पाटाचं पाणी, जवाची चिमुकली शेतं एकाखाली एक. आणि त्यावर गाव. दगड-मातीची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी, एकाचं धाबं तेच वरच्याचं अंगण.

नात धावत आली. गाल थंडीने फुटलेले, अंगात कोणाचा तरी मोठा लोकरी स्वेटर. कमरेला मिठी मारून म्हणाली, "आबा, यू केम ऑन अ म्यूल!" तेव्हाच तिला उचलून खेचरावर घालून परत फिरावं असं वाटलं. वेडेपणा. पण वाटलं.

व्याही दारात उभे होते. माझ्याच वयाचे, वाळलेले, डोक्याला पटका. त्यांनी माझा हात धरला, मग स्वतःचा हात छातीला लावला. आत घोंगड्या अंथरल्या होत्या, गावातली चार म्हातारी माणसं येऊन बसली होती. पितळी किटलीतून हातावर पाणी घालायला एक जण उभा. सगळं माझ्यासाठी. आणि मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

आता हे आपल्या माणसांना सांगायला नको, तरी सांगतो. मी मुलाकडचा. लग्नात मुलाकडचं माणूस रुसतं. कोणाला मानाची टोपी मिळाली नाही, कोणाला पहिल्या पंगतीला बसवलं नाही. ते मांडवाबाहेर जाऊन बसतं. मग मुलीकडचे येतात, हात जोडतात, काय चुकलं सांगा म्हणतात. तेव्हा मनातलं मागायचं, ते मिळतं, आणि मग सगळे मिळून जेवतात. पुतण्याच्या लग्नात मी तासभर असा बसलो होतो आणि माझं ऐकलं गेलं होतं. या व्याह्यांच्या दारात मी पहिल्यांदाच आलो होतो. लग्नात रुसायचं राहून गेलं होतं. म्हटलं, आता बसतो. काय हवं विचारतील, मग म्हणेन, माझी नात द्या.

म्हणून व्याह्यांनी चहाचा ग्लास पुढे केला तेव्हा मी हात जोडून नको म्हटलं, आणि समोरच्या दगडावर जाऊन बसलो.

ते थोडे गोंधळले. मग हसले. त्यांनी साखरेच्या ढेपेचा तुकडा नवा फोडला, चहा पुन्हा उकळला, हातभर उंचावरून ग्लासात ओतला, फेस आला तसा स्वतः उन्हात घेऊन आले. मी मान फिरवली. तिसऱ्यांदा विहीणबाई आल्या. ताटात जवाची गरम भाकरी, वाटीत लोणी, वाटीत मध. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. त्यांच्या हाताला पिठाचा वास होता. भूक अशी लागली होती की तोंडाला पाणी सुटलं. मी म्हटलं, नको.

विहीणबाईंनी तो तुकडा परत भाकरीवर ठेवला. ताट उचललं आणि गेल्या. थोड्या वेळाने आतली चार माणसं एक-एक करून बाहेर पडली, माझ्याकडे न बघता खालच्या वाटेने निघून गेली. मला वाटलं, सल्लामसलत करायला चालली असतील.

मी वाट बघत बसलो. समोर भिंत होती, तिच्याकडे बघत राहिलो. ना सिमेंट, ना चुना. आधी मनात म्हटलं, ओळंब्यात नाही, कललीय, पडेल. मग नीट बघितलं. खालच्या दोन दगडांचा सांधा वरच्या दगडाने झाकून मोडलेला, दर चार थरांनी एक लांब दगड आरपार. माझ्या हातची इतकी चांगली भिंत गावात एकच उभी आहे. ही कोणी बांधली ते विचारावंसं वाटलं. विचारणार कोणाला?

नात आली. माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळू म्हणाली, "आबा, प्लीज, जस्ट ड्रिंक इट."

"तुला घरी न्यायचं म्हणून बसलोय मी."

"एव्हरीवन थिंक्स यू हेट अस."

'अस' म्हणाली, म्हणजे आमचा सगळ्यांचा. मी म्हटलं, अगं, तू त्यांच्यात नाहीस. त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली, माझा मुलगा बघायचा तशी. मग आतून कोणी हाक मारली आणि ती त्यांच्या भाषेत ओ देऊन गेली. ती भाषा तिच्या तोंडी कधी आली, मला कळलंच नव्हतं.

ऊन डोंगराच्या टोकावर गेलं तेव्हा, तोवर आत बायकांत असलेली सून बाहेर आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली. ती मराठी माझ्या पोराकडून शिकलेली, त्यामुळे शब्द मोजके, पण बोलायची ढब त्याची. म्हणाली, "बाबा, का केलं असं?"

मी तिला रुसण्याची रीत समजावून सांगितली. टोपी, पंगत, हात जोडणं, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग डोळ्यांना ओढणी लावली.

"इथे असं नाही," ती म्हणाली. "इथे दारात येऊन माणूस तीनदा अन्न नाकारतो, तो भांडण घेऊन आलेला असतो. ती चार माणसं का आली होती माहीत आहे? तुम्ही जेवल्यावर बोलणार होते. जेवलेला पाहुणा जे मागतो, त्याला नाही म्हणणं माझ्या वडिलांना फार जड जातं. मीच त्यांना सांगितलं होतं, बाबा मागतील, आणि मी जाईन परत."

मी पटकन विचारलं, "जाशील?"

"जाणार होते. पण आता ते म्हणतात, आपल्या हातची भाकरी ज्याला नको, त्याच्या घरात मुलगी कशी पाठवू." मग म्हणाली, "आणि बाबा, मी त्यांना काय सांगू? की तिकडे माझ्या चहाला तुम्ही नको म्हणत नव्हता?"

मी उठलो. गुडघे आखडले होते, तिनेच हात दिला. आत गेलो आणि म्हटलं, चहा द्या, आत्ता द्या, भाकरी द्या. दिली. कोणी तोंड वाकडं केलं नाही. मी लोण्यात बुडवून भाकरी खाल्ली, ग्लासावर ग्लास प्यायलो. व्याही ओतत होते. पण ओतताना आता ते माझ्याकडे बघत नव्हते, ग्लासाकडे बघत होते.

सकाळी मी शेवटचं केलं. ते करताना जीव गेला असता तरी चाललं असतं. आपल्याकडे मुलीचा बाप हरला की मुलाच्या बापाच्या पायावर आपली टोपी ठेवतो. मी मुलाचा बाप. मी माझी टोपी काढली आणि व्याह्यांच्या पायावर ठेवली. माझ्या सात पिढ्यांत हे कोणी केलं नसेल. म्हटलं, पोरगी माझ्या पोराची शेवटची खूण आहे. सुनेने ते त्यांच्या भाषेत सांगितलं, रडत सांगितलं.

व्याही खाली वाकले. टोपी उचलली, झटकली, दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावर नीट बसवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलले. सून म्हणाली, ते म्हणतात, त्यांनाही मुलगी एकच आहे. म्हणतात, तुम्ही इथे कितीही दिवस राहा. पण त्या दोघी इथेच राहतील.

"आणि तू? तू काय म्हणतेस?"

"जाऊ द्या ना, बाबा," ती म्हणाली. हे माझ्या पोराचं बोलणं. वाद नको झाला की तो हेच म्हणायचा.

विहीणबाईंनी वाटेसाठी भाकरी आणि अक्रोड बांधून दिले. कवचासकटचे अक्रोड मेलबर्नच्या विमानतळावर काढून घेतले. भाकरी घरी आली. ती मी फ्रीजरमध्ये ठेवली आहे.

यंदा अक्रोड झोडायच्या वेळी या आणि मुक्काम करा, असं व्याह्यांनी बोलावलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या छातीला आता ती उंची झेपणार नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, काका, डोन्ट इव्हन थिंक. मी त्यालाच तिकीट काढ म्हटलं. या वेळी त्याने काढलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी फोन उभा करून ठेवतो. तिकडे सकाळ असते, सिग्नल धाब्यावरच मिळतो. परसात पुदिना लावलाय, तो खुडून चहा करतो, उंचावरून ओततो, निम्मा टेबलावर सांडतो. नात आधी हसायची, आबा हायर, आबा नॉट लाइक दॅट, असं म्हणायची. हल्ली ती थोडंच थांबते. मराठी कमी झालंय, इंग्रजीही अडखळतंय. मागच्या रविवारी मी विचारलं, घरी कधी येशील? तिला प्रश्न कळायला वेळ लागला. मग म्हणाली, आय ॲम होम, आबा. आणि बकऱ्यांना चारा घालायला पळाली.

फोनमध्ये व्याही उरले. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही. त्यांनी किटली उचलून स्वतःचा ग्लास भरला, मग रिकामा हात माझ्याकडे केला, घ्या म्हणून. मी ग्लास उचलला. गार झाला होता, साखर फार होती. फोन बंद होईपर्यंत मी तो तळापर्यंत प्यायलो आणि रिकामा ग्लास त्यांना दिसेल असा धरला.