जास्तीच्या दोन भाकरी

शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही मुक्त विद्यापीठाने प्रवेश द्यायला सुरुवात केली, त्या नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवायचो. सकाळी फुलं विकून एक चाळिशीची बाई वर्गाला यायची. झेंडूने पिवळी झालेली बोटं पदरात लपवून शेवटच्या बाकावर बसायची. मधल्या सुट्टीत बाकीचे घोळक्याने डबे उघडत. ही पायरीवर एकटीच फडकं सोडायची. चार भाकऱ्यांतल्या दोन खायची आणि दोन पुन्हा बांधून ठेवायची.

वर्ष संपत आलं तेव्हा मी विचारलं, "दर रविवारी एवढ्या कशाला आणता?"

"कोणी शेजारी बसलं तर असाव्या म्हणून, सर. वर्गात घेतलंय, तर बसंल की कोणीतरी."

मी नुसतं "बरं" म्हणालो. माझा डबा हातातच होता. तो घेऊन मी स्टाफरूममध्ये गेलो.