'पोहरा' कुणाच्या भीतीनं?

हे मी घरातसुद्धा बोललेलो नाही. बायकोला वाटतं, बँकेतल्या नोकरीच्या भीतीनं मी टोपणनाव घेतलं. वाचकांनाही तेच सांगत आलो — नोकरीचे नियम, वरिष्ठ, उगाच झंझट कशाला. 'पोहरा' या नावानं इंटरनेटवर इतकी वर्षं लिहितोय, आणि कुणी ना कुणी विचारतंच, खरं नाव का टाकत नाही? आता निवृत्त झालो, बँक सुटली. आता काय सांगू?

खरं म्हणजे मला दोन्हीकडून चांगलं राहायचं होतं. तिकडं निर्भीड, इकडं सोसायटीत सगळ्यांशी गोड.

उस्मानपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून आम्ही बायपासपलीकडं आलो, तेव्हा समोर ज्वारी असायची. मग नुसत्या इमारती उगवत गेल्या. दुष्काळाची वर्षं ती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, पण आमच्या बोअरला होतं. आमच्याच घरी भांडी घासणाऱ्या, मागच्या वस्तीतल्या बायका जाताना फाटकाजवळच्या नळावर एकेक हंडा भरून न्यायच्या. सोसायटीनं बैठक घेतली आणि त्या नळाला कुलूप लावलं. हात मीही वर केला होता — हे मात्र कधी लिहिलं नाही.

विरोधात एकटे साळवे बोलले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, माझ्या समोरच्या दारातले. सोसायटीत बौद्ध घर तेवढं एकच. "गाड्या धुवायला पाणी हाय," ते म्हणाले, "अन् आपली खरकटी काढणाऱ्या बायांना प्यायला नाय व्हय?"

त्याच आठवड्यात मी कुलपावर लेख लिहिला. साळव्यांचं वाक्य शेवटी घातलं, बोली तेवढी काढून — जणू माझंच. लेख फिरत फिरत आमच्याच ग्रुपवर आला. वाक्य तर सगळ्यांनी ऐकलेलं! मग दुसऱ्या कुणाचं नाव निघणार? माझ्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. आमच्या आडनावावर असा संशय कुणी घेत नाही — मला हे ठाऊक होतं का? होतं.

पार्किंगमध्ये पुन्हा बैठक. चेअरमन तावातावानं सोसायटीच्या अब्रूवर बोलले. साळवे एवढंच म्हणाले, "बोललो मी. पण लिवलेलं माझं नाय." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ... पण मी अगदी समजूतदारपणे म्हणालो, "जाऊ द्या ना साळवे, माफी मागून टाका. विषय मिटेल."

त्यांनी मागितली नाही. मग लोकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांच्या नातीला वाढदिवसांना बोलावणं बंद झालं. आमच्याकडूनही. शेवटी फ्लॅट विकून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, छावणी भागात मुलीजवळ राहायला गेले. निघाले त्या दिवशी मी त्यांचं कपाट खाली उतरवायला हात लावला — शेजारधर्म! टेम्पोत बसताना ते म्हणाले, "कुलकर्णी साहेब, लिवणं सोडू नका. बरं लिवता तुम्ही." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

म्हणजे त्यांना माहीत होतं. बैठकीतही माहीत होतं. माझं नाव घेतलं असतं, तर सुटले असते.

मी लिहिणं सोडलं नाही. तो लेख अजून तिथंच आहे, आणि लोक अजूनही त्याच्या शेवटच्या वाक्याचं कौतुक करतात. मी आभार मानतो.